क्लीव्हलँडच्या बाजूच्या काकू

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळात नवीन माणसाला दामले काकूंची ओळख करून देताना बायका आवाज जरा खाली आणत आणि म्हणत, "यांना बेसबॉल कळतो बरं का." साठीकडे झुकलेल्या, साडीवर जाड कार्डिगन चढवून प्रायमरी शाळेच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढणाऱ्या काकू, अमेरिकेतल्या कुठल्या शहराचा चेंडू फेकणारा पिचर खांदा धरून बसलाय आणि त्यामुळे कुणाचं नशीब उघडणार आहे, हे हळदीकुंकवाचं ताट हातात धरून सांगू शकत. क्रिकेटचा विषय निघाला की मात्र तोंड फिरवीत. "त्यात ड्रॉ असतो," त्या म्हणत. "पाच दिवस खेळून कुणी हरलंच नाही, हे मला पटत नाही. बेसबॉलमध्ये कुणीतरी रडत घरी जातंच."

बायका हसत. हे खूळ कुठून आलं ते कळेपर्यंत मीही हसत असे.

मी लग्न होऊन वॉटफर्डला आले तेव्हा दामल्यांचं घर आमच्यापासून दोन दारं सोडून होतं. माझा नवरा हॉस्पिटलमध्ये ज्युनिअर डॉक्टर, आणि दामले काका तिथेच छातीच्या विकारांचे मोठे डॉक्टर. पेशंटशी मऊ बोलणारे म्हणून प्रसिद्ध, घरात तितकेच कमी बोलणारे. त्यांचा एकुलता एक मुलगा अभय इथेच वाढला, इंजिनिअर झाला आणि पुढे शिकायला अमेरिकेत क्लीव्हलँडला गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मी एकदा सहज विचारलं तर काकू म्हणाल्या, "आहेत. कपाटात आहेत."

खरी हकिगत त्यांनी वर्षभराने सांगितली. अभय एका ख्रिसमसला घरी आला आणि जेवताना त्याने सांगितलं की क्लीव्हलँडला तो टॉम नावाच्या माणसाबरोबर राहतो, आणि टॉम त्याचा नुसता मित्र नाही. काकांनी ताट बाजूला सारलं आणि या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. अभयने त्याच संध्याकाळी बॅग उचलली. "आणि तुम्ही, काकू?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी पोळ्या करत होते. करतच राहिले. तिघांना पुरतील एवढ्या केल्या, आणि जेवायला आम्ही दोघं."

सात-आठ महिन्यांनी एका रविवारी दुपारी चार वाजता अभयचा फोन आला. काका रविवारी ब्रिज खेळायला बाहेर असतात हे त्याला ठाऊक होतं. बोलायला दोघांनाही काही सुचेना. "जेवलास का?" "हो." "थंडी आहे का?" "नाही, समर आहे." शेवटी अभय म्हणाला की काल तो बेसबॉलची मॅच बघायला गेला होता. काकूंनी विचारलं, "कोण जिंकलं?" त्यावर तो दहा मिनिटं बोलत राहिला. काकूंना त्यातलं काहीएक कळलं नाही, पण मुलाचा आवाज दहा मिनिटं कानाशी होता. फोन ठेवून त्या तशाच आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मेधा, बेसबॉल म्हणजे काय गं?"

मला तरी काय माहीत? पण काकूंच्या शाळेत मुली मैदानात राउंडर्स खेळत. बॅटने चेंडू मारायचा आणि चार खांबांना वळसा घालून परत यायचं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की बेसबॉल हा त्याचाच मोठा भाऊ, फक्त खांबांना तिथे बेस म्हणतात. तेव्हापासून काकू जेवणाच्या सुट्टीनंतर भांडी धुवायची सोडून कुंपणाशी उभ्या राहू लागल्या. अभयने पेपरातली कात्रणं पाठवायला सुरुवात केली. ती पाकिटं आमच्या पत्त्यावर येत. शिवाय महिन्यातून एकदा आम्ही दोघी ट्रेनने लंडनच्या युस्टन स्टेशनला जात असू, कारण तिथल्या स्टॉलवर अमेरिकन पेपर मिळे. परत येताना काकू तो मांडीवर उघडत आणि आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवीत, गव्हातले खडे शोधावेत तसं.

सहा महिन्यांत त्या मुलाशी वाद घालायला लागल्या. "एकटीला सुचत नाही, तू बस गं," म्हणून मला हॉलमध्ये बसवून घेत, त्यामुळे ते वाद मी ऐकले आहेत. अभयचं मराठी इथल्या मुलांसारखं अडखळणारं. "आई, तू चुकीचं बोलते. आमची पिचर चांगला आहे."

"आमचा पिचर."

"येस, तेच. आमचा पिचर चांगली आहे."

"काही चांगला नाही. म्हातारा झालाय. त्याला घरी बसवा आणि डाळभात घाला."

पलीकडे अभय जोरात हसला की काकू रिसीव्हर कानापासून दूर धरत, म्हणजे मलाही ऐकू यावं.

क्लीव्हलँडची टीम त्या काळात फारच वाईट होती. उन्हाळा संपेपर्यंत ती तळाशी पोचलेली असे. ऑक्टोबरात चार टीम उरत, त्यांचे प्लेऑफ होत, आणि त्यातून वर आलेल्या दोघी चॅम्पियनशिपसाठी खेळत. त्यात आपलं कुणीच नसे. तरी मायलेकांचे खरे वाद तेव्हाच रंगत. अभय जोरदार बॅटिंगवाल्यांच्या बाजूने. काकू म्हणत, "बॅटिंगवाले ऊन असेपर्यंत जिंकतात. थंडी पडली की फेकणारा जिंकवतो." आणि दोन्ही टीमचे फेकणारे सारखेच असले, तर ज्या शहराने बरीच वर्षं काही जिंकलेलं नाही त्याच्या बाजूने काकू. "ज्याच्या घरी बरेच दिवस गोडधोड झालं नाही, त्याच्या पानात आधी वाढावं," हा त्यांचा नियम. त्या नियमाने त्या बहुतेक वेळा हरत.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकत असे. कधीकधी फोन टॉम उचलायचा. काकू त्याला इंग्रजीत एवढंच म्हणत, "अभयला बोलवा." हॅलो नाही, नाव नाही. "तो माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही. बरं चाललंय," त्या म्हणत. मी एकदा म्हटलं, "काकू, तुम्ही त्याच्याशी एक वाक्य बोललात तर अभयला किती बरं वाटेल." त्यांनी पेपरची घडी घातली. "मला जेवढं जमतं तेवढं मी करते आहे, मेधा. यापुढचं मला मागू नकोस."

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात अभयचे फोन आखूड व्हायला लागले. तो मध्येच खोके. काकू म्हणत, हवा बदलली असेल. एका रविवारी त्यांनी विचारलं, "मंगळवारी तिसऱ्या बेसवर एवढा घोळ कुणी घातला रे?" आणि अभयला मंगळवारची मॅच आठवेना. फोन ठेवल्यावर काकू हॉलमधल्या खुर्चीवर बसूनच राहिल्या. "तो मॅच विसरला," त्या म्हणाल्या. "विसरेल कसा?"

त्या रात्री जेवताना त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांसमोर अभयचं नाव घेतलं. खोकला, ताप, उतरलेलं वजन, सगळं एकामागून एक सांगितलं. काकांनी चमचा खाली ठेवला. असे तरुण मुलगे त्यांच्या वॉर्डात येत होते, त्यामुळे एड्स हा शब्द त्यांनी उच्चारायची गरज नव्हती, पण त्यांनी तो उच्चारला. आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, चांगल्या डॉक्टरला दाखव." काकू म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या मुलांना तपासता ना तुम्ही? हात लावून तपासता ना?" काका उठून गेले. हे काकूंनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, न रडता.

काकांना वळवण्यात काकूंनी सहा आठवडे घालवले. आज रजा नाही, उद्या बघू, व्हिसाचं बघू. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि माझ्याबरोबर लंडनला जाऊन एकटीचा व्हिसा काढला. गुरुवारचं तिकीट होतं. त्याआधीच्या रविवारी चार वाजता फोन वाजला. प्लेऑफ चालू होते आणि काकू पेपर पुढ्यात घेऊन तयार होत्या. फोनवर टॉम होता. या वेळी "अभयला बोलवा" म्हणायच्या आधी त्याने सांगून टाकलं. काकूंनी इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, "तो एकटा होता का?" टॉम म्हणाला, "नाही. मी होतो." काकूंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. तो नीट बसला नाही म्हणून पुन्हा उचलून ठेवला.

सहा वाजता काका ब्रिजहून आले. काकूंनी दारातच सांगितलं. काका कोट काढता काढता थांबले आणि म्हणाले, "किती वाजता?" डॉक्टर विचारतो तसं.

गुरुवारचं विमान रिकाम्या सीटने गेलं. जाऊन आता काय करू, असं काकू म्हणाल्या. अंत्यसंस्कार टॉमने केले.

पुढच्या वर्षी क्लीव्हलँडची टीम एकदम चांगली निघाली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ती वरच्या जागांवर होती. काकू अजूनही युस्टनहून पेपर आणत, वाचत आणि घडी घालून ठेवत. ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला. खेळ जो थांबला तो थांबलाच, त्या ऑक्टोबरात चॅम्पियनशिप झालीच नाही. काकूंनी ती बातमी मला वाचून दाखवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "तो नसताना जिंकले असते तर मी कुणाला सांगणार होते?" दर रविवारी चार वाजता मी त्यांच्याकडे जात असे. आम्ही चहा पीत असू आणि फोन वाजत नसे.

त्याच्या पुढच्या वर्षी क्लीव्हलँड प्लेऑफमध्ये पोचली. तेव्हाच्या एका रविवारी काकू चहा अर्धा टाकून उठल्या आणि त्यांनी क्लीव्हलँडचा नंबर फिरवला. पाठ होता. पलीकडून "हॅलो" आलं. काकू इंग्रजीत म्हणाल्या, "टॉम, मी अभयची आई. मॅच बघितलीस का?"

काकूंनी रिसीव्हर माझ्याकडे कलता धरला. मग टॉम म्हणाला, "सगळ्या बघितल्या, मिसेस दामले."

त्यानंतर दर रविवारी दोघांचा वाद. टीम थेट चॅम्पियनशिपच्या मालिकेत गेली, समोर अटलांटा. पहिलाच सामना हरले. टॉम म्हणाला, एका सामन्याने काय होतं, आपली बॅटिंग देशात सगळ्यांत भारी आहे. काकू म्हणाल्या, "अटलांटाचे फेकणारे बघ. थंडी पडली आहे."

"अभय म्हणायचा, तुम्ही हेच म्हणाल म्हणून."

"आणखी काय म्हणायचा?"

"तुमचंच खरं होतं, असंही म्हणायचा. पण तुम्हाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं."

शेवटचा सामना क्लीव्हलँड एक-शून्य हरली. अटलांटाच्या पिचरने त्यांना हलू दिलं नाही. काकूंचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं, पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, "टॉम, या एका वेळी मी चुकायला हवं होतं."

दोन वर्षांनी क्लीव्हलँड पुन्हा तिथवर पोचली, आणि सगळं शेवटच्या एका सामन्यावर आलं. सामना तिथल्या रविवारी संध्याकाळी होता, म्हणजे आमचा चारचा फोन त्याआधीचा. टॉम घाबरला होता, जिंकू असं म्हणायला तयार नव्हता. काकू मात्र ठाम होत्या. "या वेळी आपण. किती वर्षं झाली, गोड कुठे झालंय आपल्याकडे?" त्या "आपल्याकडे" म्हणाल्या, ते मी ऐकलं. सोमवारी टॉमने स्वतःहून फोन केला. "दोनच जण बाद व्हायचे राहिले होते," तो म्हणाला. "फक्त दोन." तिथून बरोबरी झाली आणि अकराव्या डावात सामना गेला. काकूंनी त्याला धीर दिला, पुढच्या वर्षाचे खेळाडू मोजून दाखवले, कोणता ठेवायचा आणि कोणता सोडायचा ते सांगितलं. फोन ठेवला आणि मग पदर तोंडाला लावून बसल्या.

ते पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. फेब्रुवारीत जिना चढताना त्यांना हार्ट अटॅक आला आणि ॲम्ब्युलन्स यायच्या आत सगळं संपलं. क्लीव्हलँडला मी कळवलं. टॉम विमानाने आला. उंच, केस पिकलेला, खांद्यात वाकलेला माणूस. क्रिमेटोरियममध्ये तो शेवटच्या बाकावर बसला. लोक पांगल्यावर मी त्याला दामल्यांच्या घरी घेऊन आले. घेऊन येऊ का म्हणून मी काकांना विचारलं नव्हतं.

काकांनी दार उघडलं. टॉमकडे बघितलं आणि म्हणाले, "बसा." दोघं समोरासमोर बसले. काका रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि इंग्रजीत विचारलं, "खोकला कधी सुरू झाला?"

टॉमला आधी कळलं नाही. मग कळलं. तो सांगू लागला. काका ओळीने विचारत गेले. ताप रात्री यायचा की दिवसा? वजन किती उतरलं? एक्स-रे कधी काढला? ऑक्सिजन कधी लावला? पेशंटच्या नातेवाइकाकडून माहिती घ्यावी तशी त्यांनी सगळी हकिगत घेतली, घाई न करता, मध्ये न तोडता. मी दारात उभी होते. कुणी मला जा म्हटलं नाही.

"शेवटच्या दिवशी शुद्धीवर होता?"

"दुपारपर्यंत."

"काही बोलला?"

टॉमने माझ्याकडे बघितलं. काकूंशी तो इतके रविवार बोलला होता, पण हे त्याने त्यांना कधी सांगितलं नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तुम्ही दोघं येताय का, असं विचारलं," तो म्हणाला.

"तू काय सांगितलंस?"

"विमानात बसलात, म्हणून सांगितलं."

काकांचे हात गुडघ्यांवर होते. ते त्या हातांकडेच बघत राहिले.

"बरं केलंस," काका म्हणाले.