परतवलेला पेला

आमच्या दापोडीच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. सगळ्यांना मिळून द्राक्षरसाचा पेला एकच. पाळकांच्या हातून निघून तो बाकाबाकावर फिरायचा आणि प्रत्येकजण त्यातूनच घोट घ्यायचा. या पेल्यापायी आमच्यातल्या कित्येकांनी गाव सोडलं होतं, भाऊबंद तोडले होते. गावात ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, ते इथे पाटलाच्या लेकीचा उष्टा पेला तोंडाला लावत. ती पाटलाची लेक म्हणजे माझी आई, चाकणकडची.

एका रविवारी त्याच पेल्याला आईने नुसते हात जोडले आणि तो पुढे जाऊ दिला. पुढच्या महिन्यातही तेच. त्यानंतर ती मागच्या रिकाम्या बाकावरच बसू लागली.

मंडळीला काय, निमित्तच हवं होतं. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," बायका म्हणाल्या. पुरावाही त्यांना मिळाला, कारण घरात आईने आपलं ताट आणि पेला वेगळा ठेवला होता. नळावर ती दिसली की घागरी बाजूला सरकत. "बाईसाहेबांना विटाळ होईल हं!"

माझं डोकं फिरायचं. ओरडून सांगावंसं वाटे, अगं बायांनो, ती रक्त ओकते! क्षय झालाय तिला! आपल्या तोंडचं तुमच्या लेकराबाळांच्या पोटात जाऊ नये म्हणून ती मागे बसते. पण आईने मला शपथ घातली होती. ताईचं लग्न ठरलं होतं. घरात क्षय आहे हे कळलं असतं तर सोयरीक मोडली असती, आणि चाळीने आम्हाला बाहेर काढलं असतं ते वेगळंच. ख्रिस्ती झालं म्हणून माणूस क्षयाला भ्यायचं सोडत नाही. "लग्न होऊ दे, मग मीच सगळ्यांना सांगते," आई म्हणायची. तिची रक्ताची फडकी मी चुलीत जाळत असे.

तिकडे पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता. आई त्याच्याकडे डोळे लावून बसली होती. तिथे होणारं औषध तिच्या रोगावरचं नव्हतंच, पण तेवढीच तिला आशा होती, ती कोण काढून घेणार? मी देवाशी रोज भांडायची. बरी करायची नसेल तर राहू दे, निदान लग्नापर्यंत तरी ठेव.

मंडळीत एक म्हातारी होती, खेडकडची, गावकुसाबाहेर वाढलेली. रस्त्यावर खडी फोडायची. मुलं-नातवंडं गावीच राहिली होती. तिला सुख काय ते या पेल्याचं. हातात आला की ती तो लवकर सोडतच नसे, शेवटी पाळकांना खाकरावं लागे. आईच्या वागण्याचा घाव सगळ्यांत खोल तिलाच बसला असणार.

एका प्रभुभोजनाला, पेला तिच्यापाशी येण्याआधीच म्हातारी उठली. आता ही आईला चारचौघांत सुनावणार म्हणून मी बाक घट्ट धरला. पण ती मागे जाऊन आईच्या शेजारी टेकली. आई घाबरून बाकाच्या कडेला सरकली, तशी म्हातारीही सरकली. पेला आला तेव्हा तिनेही हात जोडले.

पाळक थांबले. "मावशी, तुम्ही का नाही घेत?"

"हिनं घेतला की मी बी घीन."

तिने तो पुन्हा घेतलाच नाही, कारण आईने घेतला नाही. दर महिन्याला दोघी मागे बसत, एकमेकींशी अवाक्षर न बोलता.

आई लग्नापर्यंत पुरली नाही. तिच्या मरणाबरोबर रोगही उघडा पडला आणि ताईची सोयरीक मोडली ती मोडलीच. एवढं सगळं सोसून तिच्या हाती काय आलं? दफनाला नळावरच्या बायका ऊर बडवून रडल्या. "सांगायचं तरी होतं गं आम्हाला!" मला त्यांच्याकडे बघवेना.

माती पडल्यावर म्हातारी तिथेच बसून राहिली. मी जवळ गेले. "आजी, आईचा आजार तुम्हाला कळला होता ना?"

"न्हाई गं बाय. मला वाटलं, माझा इटाळच धरती."

"मग तिच्यापाशी का बसलात?"

"येकलीच बसली हुती न्हवं."