पोरबंदर ते विशाखापट्टणम, सव्वादोन तास

तीस वर्षं मी चाकणच्या मोटारींच्या कंपनीत लाइनवर काढली. तिथं एकच धर्म. प्रत्येक कामाचा वेळ ठरलेला, आणि गाडी त्या वेळेत पुढं सरकली नाही की मागं काहीतरी बिघडलंय असं समजायचं, लाइन थांबवायची आणि बोंब मारायची. रिटायर होऊन थेरगावात घरी बसलो, पण खोड काही गेली नाही.

माझी मुलगीही चाकणलाच इंजिनिअर आहे, मशिनं बसवून देणाऱ्या कंपनीत. बाहेरगावचं काम तिथं पोरांनाच मिळायचं. दोन वर्षं साहेबांच्या मागं लागून तिनं ते मिळवलं. एक मशीन पोरबंदरला, आणि तिथून परस्पर विमानानं विशाखापट्टणमला दुसरं. देशाच्या एका किनाऱ्यावरून पार दुसऱ्यावर, एकटी. मी तोंडानं शाब्बास म्हणालो.

ती पोरबंदरहून निघाली त्या सकाळी मी मोबाइलमध्ये दोन्ही गावांची नावं घातली. दीड हजार किलोमीटरच्या आसपास, विमानाला सव्वादोन तास. ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. अकराला तिचा मेसेज आला, ‘विमानात बसले’. म्हणजे सव्वाला उतरणार.

सव्वा वाजला. फोन बंद. पावणेदोनलाही बंद.

“अहो, जेवून घ्या,” बायको म्हणाली. “होतो कधीकधी उशीर.”

“विमानाला कसला उशीर? वर काय डांगे चौक आहे, सिग्नल लागायला?”

ती हसली नाही. तिनं स्वतःचंही ताट घेतलं नव्हतं.

मन चिंती ते वैरी न चिंती. टीव्ही लावला आणि खालच्या पट्टीतल्या बातम्या वाचत बसलो. ‘विमान’ हा शब्द दिसेल या भीतीनं डोळे मिटावेसे वाटायचे, आणि मिटायचीही भीती. अडीचला मी लाइन थांबवली. अडीनडीला म्हणून तिनं साहेबांचा नंबर फ्रिजवर चिकटवला होता, तो लावला. काय बोललो ते नीट आठवत नाही. रडलो, एवढं आठवतं. साहेब बिचारे हातातली मीटिंग सोडून चौकशीला लागले.

सातला फोन वाजला. “पप्पा, पोचले.”

जिवात जीव आला. थेट विमान नव्हतंच. मुंबईत उतरून चार तास थांबायचं होतं, आणि तिथं तिच्या फोनची बॅटरी संपली. मोबाइलनं मला सरळ रेघेचा वेळ सांगितला होता, आणि मी तो कंपनीच्या ड्रॉइंगसारखा खरा धरला. पोरीला विचारायचं काही सुचलं नाही.

“साहेबांचा फोन आला होता,” ती म्हणाली. “घरचे एवढे घाबरत असतील तर पुढच्या वेळी दुसऱ्याला पाठवतो म्हणाले.”

“मग?”

“मी म्हटलं, पुढच्या वेळी घरी सांगणारच नाही.”

रागात बोलली असेल असं वाटलं. पण शब्दाला पक्की आहे, माझ्यावरच गेलीय. आता रोज सकाळी पाठीला बॅग लावते आणि “चाकणला चाललेय” म्हणते. मागच्या महिन्यात तीन दिवस घरी आली नाही. ओव्हरटाइम आहे, मैत्रिणीकडं झोपते, असं फोनवर म्हणाली. आली तेव्हा दारात बूट काढले, तर त्यातून वाळू सांडली. बारीक, पांढरी. चाकणला कुठला समुद्र?

मी केरसुणी आणली आणि झाडून घेतली. विचारलं नाही. पण तेव्हापासून तिनं “चाकण” म्हटलं, की मी टीव्ही लावतो आणि खालची पट्टी वाचत बसतो.