रडणाऱ्या मुलाचं पान

सायखेड्याच्या अंगणवाडीत प्रतिभाबाईंना बावीस वर्षं झाली होती. गावातली निम्मी तरुण पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. बाईंचा वर्ग शांत, हा त्यांचा लौकिक. रडणाऱ्या पोराला त्या कोपऱ्यात उभं करायच्या, तोंड भिंतीकडं. "रडं थांबलं की ये," म्हणायच्या. पोरं थांबायची. मारलं मात्र कधी कुणाला नाही, याचा त्यांना अभिमान होता.

गेल्या जूनमध्ये नाशिकच्या प्रशिक्षणात त्यांना चित्रांची पुस्तकं मिळाली. कुठल्यात राग, कुठल्यात भीती, कुठल्यात रुसवा. बाईंनी त्यातलं एक वर्गात उघडलं. मुलाचा मित्र गाव सोडून जातो आणि मुलगा पायरीवर बसून रडतो, असं एक अख्खं पान होतं. शब्द एकही नाही. या पानावर घाई करू नका, मुलांनाच विचारा, असं त्यांना शिकवलं होतं.

"आता याला काय करायचं?" बाईंनी विचारलं.

चार वर्षांची योगिनी टुणकन उठली. "बाई, त्याला कोपऱ्यात उभं करा!"

बाकीच्यांनीही कोपऱ्याकडं बोटं केली. चेष्टा नव्हती त्यात. उत्तर बरोबर आलं म्हणून पोरं शाबासकीची वाट बघत होती. बाईंना पान उलटवेना.

त्यांना त्यांचा मुलगा आठवला, रविराज. तो तिसरीत असताना मळ्यातल्या मोटरीचा शॉक लागून त्याचे वडील गेले. घर माणसांनी भरलेलं आणि हा ओट्यावर हुंदके देत होता. जवळ घेतलं तर आपणच कोसळू, या भीतीनं बाई लांबूनच म्हणाल्या, "रडायचं नाय. आता घरातला कर्ता तूच." पोरानं डोळे पुसले ते पुसलेच. दहावीत नापास झाला तेव्हा रडला नाही, बायको सोडून गेली तेव्हाही नाही. लोक म्हणायचे, "पोरगं लय समजूतदार हाय." बाईंनाही तसंच वाटायचं. आता तो विंचूरच्या एका कारखान्यात होता, एकटाच राहायचा. दर रविवारी फोन करायचा. "बरं हाय, जेवलो," एवढंच.

त्या रविवारी पुस्तक पिशवीत घालून बाई निफाडला गाडी बदलून विंचूरला गेल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी ते त्याच्यापुढं ठेवलं. रविराजनं पानं चाळली, रडणाऱ्या मुलाशी थांबला.

"चित्रं भारी हायेत."

"रवी, तुझे वडील गेले तेव्हा मी तुला रडू दिलं नाय. चुकलंच माझं."

त्यानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "जाऊ दे, आई. तुझं तरी तेव्हा काय ठिकाणावर होतं?"

"आता रडलास तरी चालंल."

तो कसनुसा हसला. "आता येत नाय गं. बायको सोडून गेली त्या दिवशी दार लावून बसलो होतो, रडावं म्हणून. नाय आलं."

मग ताटं उचलून तो मोरीत धुवायला बसला. बाई त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या. त्या पाठीवर हात फिरवावा असं फार वाटलं, पण एवढ्या मोठ्या झालेल्या माणसाला कसं जवळ घ्यायचं, ते त्यांना कळेना. शेवटी त्या फडकं घेऊन शेजारी टेकल्या आणि तो धुऊन देईल ते पुसू लागल्या. भांडी दोनच माणसांची होती, लवकर संपली.