हार्वेस्टरवाले कर्णिकसाहेब

कर्णिकसाहेबांना बसलेला माणूस बघवत नसे. शहरातल्या पलासिया भागात त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या होत्या, आम्हा नोकरांसाठी एकही नव्हती. गिऱ्हाईक पायरी उतरलं की ते स्वतः खुर्च्या उचलून आतल्या खोलीत ठेवत. "बसला की माणूस गंजतो," म्हणत. मी त्यांच्याकडे काही वर्षं नोकरी केली आणि त्या काळात मला त्यांच्याबद्दल कधी माया वाटली नाही. आजही वाटत नाही. तरी हा माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

ते मूळचे मिलमधले, विणकाम खात्याचे मास्तर. माझे वडील त्याच मिलमध्ये कारकून होते. नवे माग आले तेव्हा ते कर्णिकांनीच बसवले, आणि ज्या हातांची गरज उरली नाही त्यांना घरी पाठवण्याचं कामही त्यांनीच केलं. गेटवर उभे राहून ते कामगारांना सांगत, "गाँव जाओ। वहाँ खेती है, हाथों को काम है।" पुढे मिलच बंद पडली आणि कर्णिकही रस्त्यावर आले. बाकीचे गेटसमोर तंबू टाकून बसले, त्यांत माझे वडीलही होते. कर्णिक तिकडे फिरकले नाहीत. त्यांनी दुकान टाकलं आणि जुन्या ओळखीवर मला ठेवून घेतलं. "तुझा बाप तंबूत बसलाय, तू तरी उभा राहा," हे ते मला गिऱ्हाइकांदेखत ऐकवत. मी ऐकून घेत असे, कारण घरात कमावणारा मी एकटाच होतो.

उदारीकरणाचे दिवस होते. बाजारात रोज नवं यंत्र येत होतं आणि कर्णिकांना वाटे, माळवा ते हातोहात उचलेल. तसं होत नव्हतं. त्यांनी गहू कापायचं मोठं हार्वेस्टर आणलं, भाड्याने द्यायला. हातोदकडच्या गावांत आम्ही ते घेऊन फिरायचो आणि तसेच परत यायचो. शेतकऱ्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. शेतं लहान, मधे बांध, यंत्राला वळायला जागा नाही. शिवाय यंत्र काड शेतातच सोडतं, मग भुसा कुठून आणायचा आणि जनावरांना काय घालायचं? मांगीलाल पटेल नावाच्या शेतकऱ्याने हे हात जोडून विचारलं, तर कर्णिक म्हणाले, "जानवर बेच दो।" पटेल उठून घरात गेला. परतताना मी म्हटलं, साहेब, असं बोलू नये. ते म्हणाले, "यंत्र कुणाची समजूत काढत नाही. मी कशाला काढू?"

पुढच्या मार्चमध्ये गहू उभा असताना आभाळ भरून आलं. घाबरून त्याच पटेलाने निरोप धाडला. आम्ही यंत्र घेऊन पोचलो तर शेताच्या तोंडाशी कापणीच्या बायका विळे घेऊन उभ्या होत्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कर्णिक खाली उतरले. पुढे केसरबाई होती. तिचा नवरा कर्णिकांच्याच खात्यात मागावर होता, हे मला तिथेच कळलं. ती आवाज न चढवता म्हणाली, "साहब, मिल से आपने निकाला तो हम यहाँ आए। अब यहाँ भी आप ही आ गए। आगे कहाँ जाना है, वो भी बता दो।"

कर्णिक म्हणाले, "मुझे भी किसी ने नहीं बताया था।" आणि ड्रायव्हरला यंत्र चालू करायला सांगितलं. ड्रायव्हरने नकार दिला. तेव्हा साठीला आलेला तो माणूस स्वतः वर चढला आणि फिरत्या पात्यांचं ते धूड सावकाश बायकांच्या दिशेने नेऊ लागला. मी ओरडलो, त्यांनी ऐकलं नाही. एकेक बाई हटली. केसरबाई सगळ्यांत शेवटी हटली.

संध्याकाळी गारा पडल्या. पटेलाचा गहू घरात होता, बाकीच्या गावाचा आडवा झाला. दुसऱ्या दिवशी कर्णिक मला घेऊन बांधाबांधावर फिरले आणि रडणाऱ्या माणसांना विचारत गेले, "कल बुलाया होता तो?" कुणीतरी ढेकूळ मारलं, ते खांद्यावर बसलं. त्यांनी सदरा झटकला आणि पुढच्या शेतात गेले. ते बरोबर होते. त्याचाच मला अधिक संताप आला. मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

पुढच्या हंगामात साऱ्या गावाने हार्वेस्टर बोलावलं. बायकांना कुणी बोलावलं नाही. पण कर्णिकांचे दिवसही फार टिकले नाहीत. पंजाबातून मोठी यंत्रं आपापल्या माणसांसकट उतरू लागली, स्वस्तात कापू लागली. त्यांचं यंत्र भंगारात गेलं, दुकानही गेलं.

शेवटचे ते मला पलासियालाच भेटले, एका कॉम्प्युटर क्लासच्या दारात. आत पोरंपोरी बसली होती आणि हेही त्यांच्यातच शिकून बाहेर पडत होते. मी कुठे काम करतो ते त्यांनी विचारलं नाही. केसरबाईचं बिऱ्हाड आता विजय नगरात इमारतीच्या कामावर आहे, ती घमेली वाहते, असं मी मुद्दाम सांगितलं. त्यांना टोचावं अशी इच्छा होती.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी जाऊन आलो."

"कशाला?"

"तिथे आता काँक्रीट वर चढवायचं यंत्र येतंय. माणसं कमी करणार. तिला आधी सांगून आलो."

"काय म्हणाली?"

"माझ्यासमोर थुंकली."

"बरोबर केलं तिने," मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले, आणि थांबलेल्या सवारीच्या टेम्पोत चढले.