गणूतात्या आणि नाकांचा तक्ता

ते पुस्तक मागितलं की गणूतात्या म्हणायचे, "बायंडिंगला गेलंय." नव्वदीच्या सुरुवातीला मी सांगलीच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागले, तेव्हाची ही गोष्ट. ग्रंथालयातले हे मदतनीस एरवी कुठलंही पुस्तक डोळे मिटून काढून देत. पण इथल्या जातींचे वंश सांगणारं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक काही देईनात. सहा महिने झाले. माझा स्वभाव आधीच तापट. एक दिवस म्हटलं, "तात्या, तो बायंडिंगवाला मेला की काय?"

"मेला न्हाई मॅडम, समोरच उभा हाय," ते म्हणाले आणि स्वतःच्या कपाटातून त्यांनी पुस्तक काढलं. गेली वीस वर्षं ते त्यांनीच दडवलं होतं.

त्यात एक तक्ता होता. जातवार नाकांची रुंदी, आणि खाली निष्कर्ष : वरच्या जातींची नाकं चिंचोळी, खालच्यांची बसकी, म्हणजे यांचे वंशच वेगळे. ती नाकं मोजली होती गणूतात्यांनी. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी, जतच्या शेतकरी घरातले तात्या एका प्राध्यापकाच्या हाताखाली मापायचा पितळी चिमटा घेऊन गावोगाव हिंडले होते. कार्डावर फक्त नंबर आणि मापं. जात लिहिलेली गठ्ठ्याच्या वेष्टणावर.

"वड्यात बैलगाडी कलंडली आन् समदे गठ्ठे सुटले," तात्या म्हणाले. "दोन दिस कार्डं घेऊन बसलो. कोण कुठल्या गठ्ठ्यातला, एकाबी नाकावरनं कळंना! मग सायबाच्या भ्यानं बारीक नाकं घातली बामणाच्या गठ्ठ्यात, बसकी महारवाड्याच्या. मधली मधी. सायेब लय खूश. म्हणले, आकडं कसं झ्याक जुळल्यात बघ!"

हसावं की रडावं कळेना. सांगलीत खोली शोधताना एका घरमालकिणीनं आडनाव विचारलं होतं आणि म्हणाली होती, "अगंबाई, तुम्ही तशा दिसत नाही हो!" आम्ही मेढ्याकडचे, छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. माझं नाक सरळ, एवढाच माझा गुन्हा. त्या बाईनं हे पुस्तक कशाला वाचलंय म्हणा. पण तिच्या डोक्यातल्या गोष्टीला शास्त्राचा शिक्का मिळाला तो असल्याच पुस्तकांतून. तात्यांचा मला भयंकर राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

निवृत्ती जवळ आली तसे तात्या सैरभैर झाले. आपण गेल्यावर पुस्तक पोरांच्या हाती पडणार, ही धास्ती. त्यांनी आमच्या विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "अहो, वंशबिंश आता कोण मानतं? शास्त्र केव्हाच पुढं गेलं."

"शास्त्र गेलं वं पुढं," तात्या म्हणाले, "मी मोजल्याली माणसं हायती तितंच हायती."

मग दर रविवारी एसटीनं जत, कवठे महांकाळ अशी त्यांची वणवण सुरू झाली. मोजलेल्यांपैकी निदान एकाला तरी तोंडानं सांगायचं होतं. बरेच जण वारले होते. जे होते त्यांना काही आठवत नव्हतं. सोमवारी सुकलेल्या तोंडानं म्हणायचे, "मॅडम, जीव थाऱ्यावर न्हाई."

मेढ्याच्या बाजूलाही ते मापं घेत फिरले होते. शेवटी मीच त्यांना आमच्या गावी घेऊन गेले, माझ्या वडिलांकडे. आबांना सगळं आठवत होतं, चिमटा नाकाला गार लागलेलासुद्धा! तात्यांनी अडखळत गठ्ठ्यांची हकिकत सांगितली आणि हात जोडले. "दादा, तुमचं माप मी खोटं केलं."

"मापाचं ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "आमाला वाटलं पलटनीची भरती हाय. छाती सोडून नाक का मोजताय, म्हणून मी इचारलंबी. तुमी म्हणला, सायबाला ठावं."

तात्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

"बोलावणं येईल म्हणून दर बाजारी मेढ्याच्या पोस्टात जायाचो. आई भाकरी बांधून द्यायची. न जाणो, तितनंच न्हेलं तर."

हे आबांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

तात्यांनी विचारलं, "मग जायाचं सोडलं कवा?"

"आई गेली तवा."