शेठच्या कॉम्प्युटरची पूजा

"या डब्ब्यासंगं तुलेही वैनगंगेत सोडतो!" आमचे राइस मिलवाले शेठ एवढ्या जोरात ओरडले, की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट पुढच्या करडी गावात जाऊन बसली.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपुरातून सुटे भाग आणून शेठचा कॉम्प्युटर मी जोडला होता, आणि तो सुरू झाला नाही तर माझी नोकरी संध्याकाळपर्यंतच होती. पूजा मात्र दणक्यात झाली होती. पाहुण्यांनी डब्यावर उधळलेल्या अक्षतांत एक पंगत उठली असती! मी फ्यूज बदलला, वायरी सतरा वेळा काढून लावल्या. डबा ढिम्म.

तेवढ्यात पाणी प्यायला आलेला एक अनोळखी पंप मेकॅनिक आत डोकावला. कानावर बिडी, शर्टाला बटणांऐवजी एकच सेफ्टी पिन. त्याने डब्याला नमस्कार केला, कान लावला आणि वैद्यासारखं "हं" केलं. मग शर्टाची पिन काढून चालू करायच्या लाल बटणाच्या फटीत घातली. कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा बाहेर आला. आता बटण खट्‌कन पूर्ण बसलं आणि पडदा उजळला.

शेठनी आनंदाने पुन्हा मूठभर अक्षता उचलल्या. मेकॅनिकने त्यांचा हात वरच्यावर धरला.

तो माणूस मला पुन्हा कधी दिसला नाही. तो निघताना मी विचारलं होतं, "भाऊ, तुमाले कॉम्प्युटर येते काय?"

"नाही जी," उघडा शर्ट एका हाताने धरून तो म्हणाला, "नवा पंप चालत नसन, तं मी पहिले तांदूळच काढतो."