मामा आणि हलका माल

वजनकाटे भिवंडीत गोदामागणिक आहेत, पण माझ्या मामाच्या उजव्या हाताइतका खरा काटा मी अजून पाहिलेला नाही. वडील आजारी पडून घरी बसले तेव्हा शेलार गावातल्या एका खोलीत आम्ही राहायचो. आई आणि मी कापडावरची सुटलेली धाग्यांची टोकं कापत बसायचो, आणि बारावीनंतरचं माझं शिक्षण हा घरात कुणी मोठ्याने काढायचा विषय नव्हता. मामाने तो काढला. नुसता काढला नाही, पॉवरलूमवरची शिफ्ट बदलून घेतली आणि तीन वर्षं मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून कॉलेजच्या फाटकात सोडलं. "एकदा बसली की उतरायचं न्हाय, बाय," एवढीच त्याची अट. चढावरसुद्धा. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी आहे, आणि ती सायकलवरून झालेली आहे.

मामाने जन्मभर लूमवर बीम वाहिले. बीम म्हणजे सुताने गच्च भरलेला लोखंडी रूळ. तो खांद्यावर घेणाऱ्याला जगातल्या बाकी गोष्टी पोरखेळच वाटायच्या. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की मामाचा पहिला प्रश्न, "उचलून बघू?" लग्नाची पत्रिका तळहातावर तोलून तो जेवणात गोडाचे किती प्रकार असतील ते सांगतो, आणि आजवर एकदाच चुकला, तेही ऐन वेळी जिलेबीवाला आला नाही म्हणून. कापडाचा तागा नुसता हातात घेतला की विणताना किती धागे चोरलेत ते त्याला कळतं. त्याचं सगळं तत्त्वज्ञान तिथूनच निघालंय: हलकं ते हलकंच. हलका माल, हलकं स्थळ, हलका माणूस. माझं डिग्रीचं सर्टिफिकेट त्याने दोन बोटांत धरलं आणि त्याचा चेहरा पडला. "तीन वर्षं ओढलं मी, आन् वजन एवढंच?" दुसऱ्या दिवशी ते जाड काचेच्या सागवानी चौकटीत घालून आणलं. अजून त्याला दोन खिळे लागतात. "आता शिकल्यासारखी वाटतेस," म्हणाला.

तर असा हा हात. गेल्या वर्षी त्याचा खांदाच गेला. टेमघरच्या आपल्या घराजवळ कंटेनरला वाट देताना मामा सायकलसकट खड्ड्यात पडला. खांदा पुरता वर जाईना, आणि मामीने निकाल दिला, "सायकल भंगारात." मामाने बरीच बोलणी करून खारबावच्या रस्त्यापुरती सूट मिळवली: रविवारी सकाळी, गर्दी नसताना. पण सायकल तिथवर जायची कशी? मी नुकतीच एसयूव्ही घेतली होती. म्हटलं, "मागे सायकल टांगायचा रॅक लावू, मी चढवत जाईन."

"तुला तीन वर्षं चढवली मी," मामा म्हणाला. "दुसऱ्यानं चढवलेल्या सायकलवर मी बसत न्हाय."

"मग स्वतःच चढवा," मामी आतून म्हणाली. "न्हाय जमलं, तर सोमवारी भंगारवाला बोलावते."

दुकानात मी बाइक रॅक मागितला आणि मामाने मला तिथेच अडवलं. "बाइक न्हाय, सायकल हाय आपली."

"चाचा, अंग्रेज़ी में साइकिल को ही बाइक बोलते हैं," दुकानदार म्हणाला.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"आन् मोटरसायकलला?"

"तिलाही बाइकच."

"म्हणून तीन वर्षं लागली तुला," मामा म्हणाला.

पहिला रॅक छतावरचा होता. मामाने हात वर केला, तो कानाशीच अडला. त्या रॅकचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दुसरा लोखंडी. तो उचलताना मामाचा चेहरा खुलला. "ह्याला म्हणतात माल!" पण खाली ठेवताना त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं. तिसरा ॲल्युमिनियमचा, मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा. दुकानदाराने तो एका बोटावर टांगून पुढे केला.

"हलका माल," मामा म्हणाला.

"चाचा, हल्का है इसीलिए तो महँगा है. दो साइकिल उठाता है."

"माझी एकच दोनांच्या तोडीची हाय."

हलकं आणि महाग हे दोन शब्द एका वाक्यात मामाने पहिल्यांदाच ऐकले असावेत. मग त्याने रॅकला हात न लावता त्याची पट्टी हातात घेतली. उजेडाकडे धरली, नखाने खरवडली, तिरकी ताणून पाहिली. लूमवर तागा बघतात तशी. हाही नको म्हणाला असता, तर सायकल गेलीच होती.

"धागा चोरलेला न्हाय," तो शेवटी म्हणाला. "वीण भरलेली हाय. हलका हाय, पन हलका न्हाय. बांध."

रविवारी सकाळी टेमघरला मामाने रॅक डाव्या हाताने दाराला लावला. तो हात अजून शिकतोय. पट्ट्या मात्र त्याने अशा आवळल्या की दुकानदारही गप्प झाला असता. मग सायकल. बीम हाताने उचलत नाहीत, आधी मांडीवर घेतात. तशी त्याने ती मांडीवर घेतली, दम खाल्ला आणि कमरेच्या हिसक्याने रॅकच्या दांड्यांवर टेकवली. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. याहून अवघड परीक्षा मी कॉलेजातही दिली नाही. मामीने पाण्याची बाटली गाडीत ठेवली.

खारबावला मामा सायकलवर बसला, थोडा पुढे गेला आणि वळून आला. सवयीने कॅरिअर माझ्यापुढे आणून उभा राहिला. मग स्वतःच हसला. "आता न्हाय झेपायचं गं, बाय. तू जड झालीस." त्याच्या तोंडून याहून मोठी पदवी मला मिळायची नाही. तो निघाला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या रिकाम्या कॅरिअरकडे पाहत राहिले, वळणाआड जाईपर्यंत.

परतताना सायकल त्यानेच चढवली, आणि टेमघरला उतरवलीही त्यानेच. सोमवारी भंगारवाला आला नाही.